सरकारी कामांची बिलं आणि एमबी (मोजमाप पुस्तिका, झालेल्या कामाची मापं लिहायची वही) माहिती अधिकाराचा अर्ज न करता दिसायला पाहिजेत की नको?

नळपाणी
माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्यातलं कलम ४ सांगतं की बजेट, खर्च, परवाने, अनुदान कुणाला मिळालं हे ऑफिसने स्वतःहून जाहीर करायचं, मुदत होती १२० दिवसांची, आणि आता वीस वर्षं उलटली तरी कित्येक नगरपालिकांच्या वेबसाईटवर अधिकाऱ्यांची नावं नि फोन नंबर यापलीकडे काही सापडत नाही. माझं म्हणणं, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका आणि बिल हे तिन्ही कागद पेमेंट व्हायच्या आधी ऑनलाइन टाका. रस्त्याची जाडी किती भरली ते एमबीतच लिहिलेलं असतं, पैसे गेल्यावर ते बघून काय करायचं?

टेबलामागचा
मी ग्रामपंचायतीत काम करतो. एका माणसाकडे दोन गावांचा चार्ज, वसुली, दाखले, घरकुलं, वरून दर महिन्याला नवीन ॲप, स्कॅनिंग कोण करणार? आणि अर्ज टाकून कंत्राटदाराला गाठायचं, सेटलमेंट झाली की गप्प बसायचं, असले लोक आहेत की नाही ते सांगा. ३० दिवसांत माहिती दिली नाही तर रोजचे २५० रुपये, २५ हजारांपर्यंत दंड माहिती अधिकाऱ्यावर, एमबी लिहिणारा इंजिनिअर मात्र बाजूलाच.

नळपाणी
अहो पण ब्लॅकमेल होतं ते कागद एकाच्याच हातात पडतो म्हणून! सगळ्यांनाच दिसला तर त्याच्याकडे विकायला राहिलं काय? राजस्थानने २०१९ ला जनसूचना पोर्टल काढलं, रेशनपासून पेन्शनपर्यंत माहिती अर्जाशिवाय दिसते. पुणे मनपात सोमवारी ३ ते ५ फायली बघायची सोय झाली होती. स्टाफ कमी आहे हे खरंय, तो मागा, आम्ही पण मागतो तुमच्यासोबत.

वॉर्ड_रहिवासी
कागद दिसले तरी जाब कोण विचारणार? मुंबईत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाकडे. खर्च मंजूर करणारी स्थायी समितीच नसेल तर त्या पीडीएफचं लोकांनी करायचं काय? आधी निवडणुका वेळेवर घ्या.

सावध
मला लाभार्थ्यांच्या याद्यांची भीती वाटते. विधवा पेन्शन घेणाऱ्या बाईचा पत्ता, खाते नंबर जगाला कशाला? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम कडक केलं ते मला तरी बरोबर वाटतं.

नळपाणी
खाते नंबर झाका की, कोण नको म्हणतंय. पण त्या कलमात आधी होतं की जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, ते वाक्यच काढून टाकलं. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) मधलं कारण अजून आहे, पण ते अपिलात भांडून मिळवायचं, आणि दुसऱ्या अपिलाला तर निकालाची मुदतच नाही. कंत्राटदाराच्या बिलात खासगी काय असतं सांगा ना.

टेबलामागचा
एमबी टाकायला माझी ना नाही. फक्त ज्याने मोजमाप घेतलं त्याच्या लॉगिननेच ती चढली पाहिजे, चूक निघाली तर नोटीस त्याला जाऊदे.

नळपाणी
मान्य. बिल मंजूर करणाऱ्याचं नावही त्याच पानावर पाहिजे.