मदत हवी आहे : खाडीतला ध्वनी-मोडेम ४० मीटरवर चुकतो आणि ३०० मीटरवर नीट चालतो

नमस्कार.

मी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. प्रकल्प म्हणून जयगडच्या खाडीत पाण्याची क्षारता आणि तापमान मोजणारे तीन संवेदक (सेन्सर) तळाजवळ बसवण्याचा प्रयत्न चालू आहे. कालवांच्या दोऱ्या जिथे टांगलेल्या असतात, तिथे पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी किती गोडे होते हे धक्क्यावर बसून तासातासाला कळावे, एवढाच हेतू आहे. आधी केबल टाकली होती, ती एका होडीच्या नांगरात अडकून तुटली. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटीमीटरांतच विरून जातात, त्यामुळे ध्वनीवाचून दुसरा मार्ग उरला नाही.

मोडेम, म्हणजे आकडे आवाजाच्या रूपात पाठवणारे व ऐकणारे यंत्र, मीच बनवला आहे. पिझोचे कडे (विजेने थरथरून आवाज काढणारे वलय) पॉलियुरेथेनमध्ये ओतून पक्के केले आहे आणि ते बांबूला बांधून, खाली वीट लावून पाण्यात सोडतो. शून्यासाठी २२ आणि एकसाठी २६ किलोहर्ट्झ असे दोन सूर वापरतो. वेग सेकंदाला ४०० बिट, म्हणजे एका बिटाला २.५ मिलिसेकंद मिळतात. भरतीच्या वेळी पाणी साधारण ८ मीटर खोल असते आणि प्रेषक (पाठवणारा) व ग्राहक (ऐकणारा) दोन्ही मध्यावर, ४ मीटरवर टांगलेले असतात.

अडचण अशी, की दोन होड्यांमध्ये ४० मीटर अंतर असताना शंभरांपैकी जेमतेम ३८ संदेश शाबूत पोहोचले आणि तीच होडी ३०० मीटर लांब नेल्यावर ९१ पोहोचले. जवळून आवाज इतका मोठा येतो की ग्राहकाचा प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) गुदमरत असावा, असे प्रथम वाटले. पण प्रेषकाची शक्ती एक चतुर्थांश केली तरी ३६ च्या पुढे आकडा गेला नाही. आणखी दोन गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत, त्यांचा अर्थ मला लागलेला नाही. सकाळी खाडी तेलासारखी निवांत असते तेव्हा चुका सर्वांत जास्त होतात आणि दुपारी वारा सुटल्यावर कमी होतात. उधाणाच्या भरतीपेक्षा ओहोटीला निकाल बरा येतो. हायड्रोफोनला (पाण्यातल्या मायक्रोफोनला) इअरफोन लावून ऐकले तर तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज अखंड येतो. नाखवा म्हणाले, खडकातल्या कोळंबीचा आहे. दोष त्या आवाजाचा म्हणावा, तर तो दोन्ही अंतरांवर सारखाच आहे.

दुसरा प्रश्न संवेदकांच्या जाळ्याचा (नेटवर्कचा) आहे. तिन्ही संवेदकांना, ‘पाण्यात शांतता असेल तरच बोला’ असा नियम घालून दिला आहे, तरीही संदेश एकमेकांवर आदळतात. असे का व्हावे?

प्रतिसाद

आपण नोंदवलेल्या दोन गोष्टींतच उत्तर आहे. हा प्रकार प्रतिध्वनींचा आहे, आणि अंतर कमी असताना प्रतिध्वनी अधिक छळतात हे पहिल्या वेळी कुणालाच खरे वाटत नाही. पाण्याचा पृष्ठभाग ध्वनीसाठी आरसाच असतो. तळही थोडाफार असतो.

ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरून आपल्याच मापांनी हिशेब करा. ४० मीटरवर एकदा आपटून येणारी वाट ४०.८ मीटरांची होते, म्हणजे ती सुमारे अर्धा मिलिसेकंद उशिरा येते. दोनदा आपटलेली ४३.१ मीटरांची, उशीर २ मिलिसेकंद. पृष्ठभाग, तळ आणि पुन्हा पृष्ठभाग अशी तीनदा आपटलेली ४६.६ मीटरांची, उशीर सुमारे ४.४ मिलिसेकंद. आपला बिट २.५ मिलिसेकंदांचा; म्हणजे या तिसऱ्या प्रतिध्वनीचा शून्य पुढच्या बिटांच्या एकावर जाऊन बसतो. आता हेच ३०० मीटरवर करून पाहा. तीनदा आपटलेली वाट जेमतेम १ मीटरने लांब पडते आणि उशीर ०.६ मिलिसेकंदाच्या आसपास राहतो, म्हणजे सगळे त्याच बिटात मावते. याहून उशिरा येणाऱ्या वाटा चिखलाच्या तळावर अनेकदा आपटून दुबळ्या झालेल्या असतात.

शक्ती कमी करून फरक पडला नाही, कारण प्रतिध्वनीही त्याच प्रमाणात कमी झाले. आपल्या सुरांची तरंगलांबी ६-७ सेंटीमीटर असल्याने वाऱ्याने उठलेल्या लाटांवर आरसा फुटतो आणि परतणारा आवाज विखुरतो. ओहोटीला खोली घटते, म्हणून उशीरही घटतो. कोळंबीचे नाखवांचे म्हणणे खरे आहे. तिची नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि टिचकीसारखा आवाज होतो. उथळ, उष्ण समुद्रात हा गोंगाट काही किलोहर्ट्झच्या वर सर्वत्र पसरलेला असतो. ३०० मीटरवर गळालेले नऊ संदेश कदाचित तिच्या खात्यावर टाकता येतील, ४० मीटरचे नाहीत.

उपाय दोन आहेत. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक बिटानंतर ५ मिलिसेकंद गप्प बसायचे. वेग तिपटीने घटेल, पण तासाला एकदा क्षारता सांगायला घाई कसली? दुसरा उपाय अधिक चांगला. २०१७ मध्ये नाटोने पाण्याखालच्या संदेशांसाठी मानक म्हणून स्वीकारलेल्या ‘जानुस’ पद्धतीत सुरांच्या १३ जोड्या असतात आणि प्रत्येक बिट वेगळ्या जोडीवर पाठवला जातो. मागच्या बिटाचा प्रतिध्वनी येतो तेव्हा ग्राहक त्या सुराकडे कान देतच नसतो. तिथे मध्यवारंवारता ११,५२० हर्ट्झ आहे आणि एक सूर ६.२५ मिलिसेकंद टिकतो. आपल्या कड्याला जुळेल अशा वारंवारतेवर तीच युक्ती वापरता येईल. मात्र काहीही बदलण्याआधी एक छोटी टिचकी पाठवा आणि ग्राहकाकडे उमटलेली लहर कागदावर काढून पाहा. मी म्हणतो ते खरे असेल तर शिखरे मोजता येतील.

जाळ्याबद्दल थोडक्यात. ३०० मीटर ओलांडायला ध्वनीला ०.२ सेकंद लागतो. आपला संदेश ६४ बिटांचा असेल तर तो ०.१६ सेकंदात संपतो. म्हणजे एक संवेदक बोलून गप्प बसला तरी दुसऱ्याच्या कानी अजून काहीच आलेले नसते. त्याने ऐकलेली शांतता शिळी असते. ‘ऐका आणि मग बोला’ हा नियम हवेतल्या रेडिओचा आहे, इथे तो निरुपयोगी ठरतो. धक्क्यावरच्या यंत्राने एकेकाला नावाने विचारावे आणि विचारल्यावरच त्याने बोलावे. तीन संवेदकांना एवढे पुरते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आज सकाळी भरतीला ४० मीटरवर टिचकी पाठवून पाहिली. पहिल्या शिखरानंतर अर्ध्या मिलिसेकंदावर दुसरे, २ च्या जवळ तिसरे आणि ४.३ वर चौथे स्पष्ट दिसले. चौथे पहिल्याच्या जवळजवळ निम्मे उंच होते. संदेश ६४ बिटांचेच आहेत, तेव्हा आदळण्याचा उलगडाही झाला. गप्प बसण्याचा उपाय लगेच केला आणि शंभरांपैकी ९४ संदेश पोहोचले. तेरा जोड्यांसाठी मात्र नवे कडे ओतावे लागेल, कारण सध्याचे कडे २१ ते २७ किलोहर्ट्झच्या बाहेर फारसे बोलत नाही. एवढ्याशा पट्ट्यात सहा-सात जोड्या बसवल्या तर चालतील का, हे कुणी करून पाहिले असल्यास कृपया कळवावे.