धावणाऱ्याचं खरं घोडं पाण्यात अडतं

एका ताईंनी विचारलंय, मुलगा कॉलेजकडून ५,००० मीटर धावतो, ट्रायथलॉनला हा पाया पुरेल का? ताई, पाया कामी येतो, पण सगळ्यात शेवटी. गोव्यात मिरामारला २०१९ मध्ये सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन स्पर्धाच बघा: आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, आणि त्यानंतर २१.१ किलोमीटर धावणं.

मीही कॉलेजात लांब पल्ल्याचा धावपटू. पहाटे दोना पावलाच्या रस्त्याला मित्रांबरोबर गप्पा मारत दहा किलोमीटर सहज व्हायचे. पण कांपालच्या पोहण्याच्या तलावात पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेतच कठडा धरला. दम कमी नव्हता. वर्षानुवर्षं धावून घोटे कडक झालेले, पंजा मागे ताणलाच जात नव्हता, त्यामुळे पाय खाली ओढले जायचे. सरांनी दोन महिने वेग विसरायला लावला. रोज घोट्यांचा व्यायाम आणि नुसतं तरंगणं. तेव्हा कुठे अंग पाण्यावर आडवं राहायला लागलं. म्हणून त्याला आधी चांगला पोहण्याचा शिक्षक बघून द्या, महागडी सायकल नंतर.

पावसाळ्यात समुद्रात अजिबात पाठवू नका, तलावच बरा. आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायची सवय आठवड्यातून एकदा तरी हवी. पहिला किलोमीटर पाय लाकडासारखे होतात, आपलेच वाटत नाहीत. चांगल्या धावपटूला तेव्हा फार वाईट वाटतं, हे त्याला आधीच सांगून ठेवा.