मदत हवी आहे: पोलीस ठाण्यात बेकायदा डांबून मारहाण – रिट याचिका की दिवाणी दावा? (इंदूर)

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. गाडी लावण्यावरून झालेल्या भांडणानंतर माझ्या धाकट्या भावाला पोलीस ठाण्यात नेऊन रात्रभर डांबून ठेवले, पट्ट्याने मारले आणि सकाळी कोऱ्या कागदावर सही घेऊन सोडले. अटकेचा कागद केला नाही आणि घरी निरोपही दिला नाही, डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी नेमके हेच बंधनकारक केले होते. त्याच दिवशी केलेल्या सरकारी वैद्यकीय तपासणीचा अहवाल आमच्याकडे आहे.

पोलीस आयुक्तालयात दिलेल्या लेखी अर्जाची पोच आहे, परंतु ‘चौकशी सुरू आहे’ यापलीकडे उत्तर नाही. मधल्या काळात एक शिपाई घरी येऊन ‘समझौता कर लो’ असे आईला सांगून गेला, तेव्हापासून ती फार धास्तावली आहे. आम्हाला तडजोड करायची नाही.

खरी चिंता मुदतीची आहे. बेकायदा कैदेच्या भरपाईचा दावा सुटकेपासून एका वर्षात लावावा लागतो आणि मानवी हक्क आयोगही वर्षापूर्वीच्या घटनेची चौकशी करत नाही. त्यातच शासनावर, किंवा अधिकाऱ्यावर त्याच्या सरकारी कामाबद्दल, दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. हा काळ मुदतीतून वगळला जातो असे वाचले, पण मारहाण हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच नसेल, तर त्याच्यावरील वैयक्तिक दाव्याला ही नोटीस लागते का? लागत नसेल, तर ते दोन महिने त्याच्याविरुद्धच्या मुदतीत धरले जातील, अशी मला भीती वाटते.

सर्वोच्च न्यायालयाच्या रुदुल शाह (१९८३) आणि नीलाबती बेहरा (१९९३) या निकालांमुळे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिकेद्वारे (मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज) शासनाकडून भरपाई मागता येते. मात्र पोलिसांनी घटनाच नाकारली, तर ‘वस्तुस्थितीचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा’ असे सांगितले जाण्याचा धोका आहे, आणि तोवर वर्ष उलटले तर काय करावे? दोन्ही एकदम दाखल करता येतात का?

सगळ्यात निकडीचा पुरावा म्हणजे ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंह सैनी निकालानुसार (२०२०) ते अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपायला हवे. माहिती अधिकारात ते मागितले असता चौकशीचे कारण देऊन नकार मिळाला. पहिल्या अपिलाची वाट न पाहता ते जपून ठेवण्याचा आदेश दंडाधिकाऱ्यांकडून मिळू शकतो का, की त्यासाठीही खंडपीठाकडेच जावे लागेल? इंदुरात अशी प्रकरणे चालवलेल्या वकिलांनी कृपया मार्गदर्शन करावे.