मदत हवी आहे: देव्हाऱ्यातल्या मेडलच्या कडेवरचं नाव कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. घरच्या देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत चांदीचा एक बिल्ला आहे. त्यावर पंखवाली, हातात त्रिशूळ घेतलेली बाई, म्हणून आजी तिला यल्लम्माच समजायची. परवा टाक घासताना उलटा करून बघितला, तर मागं पंचम जॉर्ज! इतकी वर्षं बादशहा पालथा आणि हळदकुंकू देवीला. वरच्या पट्टीवर इंग्रजीत 'इराक' लिहिलंय.

बिल्ला आजीच्या चुलत सासऱ्यांचा. 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत, हा आला', एवढंच ती सांगायची. नाव कधी घेतलं नाही. सासरच्या थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही ना. आता तीही नाही. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, पण दर दसऱ्याला चिंच-राख लावून तिनंच ती झिजवलीत. '११४ मराठाज' तेवढं लागतं. घरचे जुने कागद मोडीत, नंतरचे कन्नडमध्ये, आणि बिनलग्नाच्या भावाचं नाव जमिनीच्या उताऱ्यावर कुठून येणार?

हे जर्मन युद्धातलं, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं का? आणि ही अक्षरं कशी काढायची? एक दुकानदार पॉलिश करून देतो म्हणतोय.

प्रतिसाद:
पॉलिश अजिबात नको! उरलंसुरलंही जाईल. अंधारात मोबाईलचा टॉर्च कडेला आडवा धरा. नाहीतर पातळ कागद गुंडाळून मऊ पेन्सिल हलक्या हातानं फिरवा. आधी शिपायाचा नंबर शोधा, नाव त्यानंतर.

जर्मन युद्ध नोव्हेंबर १९१८ लाच थांबलं. हे 'जनरल सर्व्हिस मेडल (१९१८)' नावाचं. 'इराक' पट्टी १० डिसेंबर १९१९ ते १७ नोव्हेंबर १९२० मधल्या कामगिरीची, म्हणजे इंग्रजांच्या अमलाविरुद्ध तिथले लोक उठले तेव्हाची. जुलै १९२० मध्ये इराकमधल्या रुमैथात वेढ्यात अडकलेल्यांत ११४ व्या मराठा पलटणीचे जवान होते. तुमचे आजोबा तिथंच पडले असं मात्र लगेच धरू नका.

बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, किती मेले त्याचे नुसते आकडे. नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) हिच्या यादीत आहेत, काहींपुढं बापाचं नाव आणि गावसुद्धा. इंग्रजांनी नावांची वाट लावलीय, म्हणून नंबरानं शोधा. ११४ चीच १९२२ मध्ये बेळगावातली ट्रेनिंग बटालियन झाली, तेव्हा बेळगाव कॅम्पातल्या मराठा पलटणीच्या सेंटरलाही विचारून बघा.

धागाकर्ता:
पेन्सिल फिरवली. चार आकडे, मग 'सिपॉय', आणि नावाच्या शेवटी 'जी' आहेसं वाटतंय. तानाजी, संताजी, काहीही असेल. आकड्यांतला तिसरा ३ की ८ ते कळेना, दोन्हींनी शोधतो.

आईला सांगितलं, यंदा दसऱ्याला याला चिंच नको. ती म्हणते, 'मग देवीला काळीच ठेवू काय?'