गाडी चालवताना काय लावता? खान्देशकरांनो, अनुभव लिहा

तापीकाठ:
नवीन विजेवरची गाडी घेतली. धुळ्याहून जळगावला निघालो, रेडिओ लावायला गेलो तर मध्यम लहरींचा बँडच नाही! मोटार आणि इन्व्हर्टरमुळे त्यावर खरखर येते, म्हणून काही कंपन्या तो देतच नाहीत. एकदम आण्णांची जीप आठवली. पारोळा मागे पडलं की काटा ९६३ वर, आकाशवाणी जळगाव. आम्हा पोरांना गाणी हवी असायची, पण शेतीचा कार्यक्रम आणि बाजारभाव संपेपर्यंत जीपमध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. ती सक्ती तेव्हा जाचायची, आज हवीहवीशी वाटते. आता फोनमध्ये सगळं आहे आणि निवडता निवडता एरंडोल येतं. तुमच्या गाडीत काय वाजतं? कोण ठरवतं?

केळीवाला_रावेर:
आमच्याकडे ड्रायव्हर ठरवणार, विषय संपला. काका केळीचा ट्रक दिल्लीला न्यायचे. मध्यम लहरी रात्री लांबून येतात, त्यामुळे अंधार पडला की कुठली कुठली केंद्रं लागायची, भाषा कळो न कळो. काकांचं म्हणणं, झोप यायला लागली की गाणं लावू नये, माणूस अजून पेंगतो. बोलणारा आवाज पाहिजे. म्हणून क्लीनर बोलका बघून ठेवायचे. तरी डोळे जड झालेच तर ट्रक बाजूला घेऊन सरळ झोपायचे. माल उशिरा पोचला तरी चालेल म्हणायचे.

अहिराणी_माय:
मन्हा गाडीमा बठ्ठा अहिरानी गाना शेतस. दुसरं काही नही.

धुळ्याची_लेक:
@अहिराणी_माय 😄 माझंही तेच, पण श्रावणातच. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खान्देशची देवी कानबाई बसते, त्यासाठी माहेरी जाताना कानबाईचीच गाणी. पोरं मागे कुरकुरतात, पण शिरपूर येईस्तोवर तीच टाळ्या वाजवतात. आई गेल्यापासून तिच्या मोबाईलमधलं रेकॉर्डिंग लावते. मागे कुकरची शिट्टीपण आहे त्यात.

केळीवाला_रावेर:
ताई, ते रेकॉर्डिंग दोन-तीन जागी ठेवून द्या. फोनचा भरवसा नसतो.

भुसावळकर७:
दीपनगरजवळ उच्च दाबाच्या तारांखालून गेलं की रेडिओत खर्रर्र. लहानपणी त्यावरूनच कळायचं की घर आलं.

घाटरस्ता:
चाळीसगावहून कन्नड घाट चढताना काहीच लावत नाही, हे माझं पक्कं आहे. काचा थोड्या खाली. वळणापलीकडचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. धुकं असेल तर डोळ्यांपेक्षा कानच कामाला येतात. कानात इअरफोन घालून बाईकवाले घाट चढतात, त्यांची फार काळजी वाटते. बाबांनो, काढा ते.

सावदेकर:
+१ घाटरस्ता. सपाटीला मात्र बहिणाबाईंच्या ओव्या. आसोद्याची लेक, आपल्याच बोलीत बोलते. शेत, नांगर, सुगरण सगळं काचेबाहेर दिसत असतं. मुलगा पुण्यात वाढला, त्याला शब्द अडतात. मग थांबवून सांगतो, पुन्हा लावतो. फैजपूर ते जळगाव एवढ्यात दोन ओव्या झाल्या तरी पुष्कळ.

पारोळेकर:
एरंडोलच्या आसपास शेवभाजी चांगली कुठे मिळते आता? रस्ता चौपदरी झाल्यापासून जुने ढाबे दिसतच नाहीत.

अहिराणी_माय:
तिखट खाशी का? मंग सांगस.

धुळ्याची_लेक:
@केळीवाला_रावेर हो दादा, आजच भावाला पाठवते. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ दळायला टाकायचंय, नंतर येते.

तापीकाठ:
@घाटरस्ता बरोबर, घाटात बंदच ठेवेन. आकाशवाणीचं अ‍ॅप टाकलं आत्ता. @सावदेकर, काका, ओव्या कुठून घेतल्यात ते सांगाल का? आण्णांना दवाखान्यात न्यायचंय गुरुवारी, त्यांना ऐकवतो.

सावदेकर:
संध्याकाळी पाठवतो. आण्णांना नमस्कार सांगा.

पारोळेकर:
तिखट चालेल ना, सांगा की लवकर, भूक लागलीय.