वाईच्या जुन्या वाड्यात वायफाय, टीव्ही, स्पीकर बसवायचाय, सल्ला हवाय

घाटवाट:
नमस्कार मंडळी, आईबाबा वाईला जुन्या वाड्यात राहतात, मी पुण्यात. बाबा ७४, आई ७०. मागच्या महिन्यात फायबर घेतलं पण राउटर ओसरीवर आणि टीव्ही माजघरात, मधे दीड हात जाडीची काळ्या दगडाची भिंत, त्यामुळे माजघरात वायफायची एकच काडी दिसते आणि तीही मधेच जाते. आईला नातवाशी मोठ्या स्क्रीनवर बोलायचंय, बाबांना सह्याद्रीच्या बातम्या आणि आकाशवाणी. टीव्ही ७ वर्षांचा साधा एलईडी आहे, नवीन घेऊ का यालाच काही जोडता येईल? आवाजावर चालणारा स्पीकर मराठी समजतो का? पावसाळ्यात लाईट पण फार जाते. गणपतीत ४ दिवस जाणार आहे तेवढ्यात सगळं बसवून यायचंय. मी गेल्यावर त्या दोघांना माझ्याशिवाय वापरता आलं पाहिजे, बाकी काही नसलं तरी चालेल.

पक्कड_टेस्टर:
आधी वायफाय, मग बाकी सगळं. दगडी भिंतीपुढे रिपीटर लावून उपयोग नाही, कारण त्याला जेवढा सिग्नल पोचतो तेवढाच तो पुढे देणार, आणि बरेचसे स्वस्तातले तर त्यातलाही अर्धा वेग खातात. मेश (एकमेकांना बिनवायरीने जोडलेले वायफायचे डबे) घेतलं तरी दोन डब्यांच्या मधे तीच भिंत आहे. सरळ कॅट ६ची लॅन वायर (राउटरला राउटर जोडायची नेटची केबल) ओढा, १०० मीटरपर्यंत चालते, वाड्याला २०-२५ मीटर पुरे. भिंतीला भोक पाडू नका, माळ्यावरून तुळईच्या कडेने न्या आणि पीव्हीसी पाइपातनंच न्या, माळ्यावर उंदीर असतातच. माजघरात दुसरा राउटर लावायचा (कुणाकडे जुना पडून असेल तरी चालेल) आणि तो अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो नुसतं वायफाय देतो, बाकी काम मुख्य राउटरच करतो. तो मोड नसेल तर डीएचसीपी (जोडलेल्या फोन-टीव्हींना आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करून, त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा देऊन वायर लॅनच्या पोर्टात घाला, वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) नाही. दोन्हीकडे एकच नाव एकच पासवर्ड ठेवा म्हणजे आई ओसरीवरून माजघरात गेली तरी फोन आपला आपण जोडला जाईल.

लाईटचं म्हणाल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (लाईट गेल्यावर राउटर चालवणारी बॅटरी) मिळतो, दोनेक तास सहज निघतात. घ्यायच्या आधी राउटरच्या अॅडॉप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते बघा, बहुतेक १२ व्होल्ट असतं. आणि फायबरची वायर ज्यात येते तो डबा राउटरपेक्षा वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस लागेल हे लोक विसरतात, मग राउटर चालू आणि नेट बंद.

वायरमन बोलवाल तेव्हा आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यात तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनेला आत वायरच नसते.

मसाले_भात:
टीव्ही बदलू नका. मागे एचडीएमआय पोर्ट असेल तर त्यात स्टिक (साध्या टीव्हीवर नेटची अॅप चालवणारं छोटं यंत्र) लावा. फक्त स्टिकची वायर टीव्हीच्या यूएसबीत घालू नका, तेवढी पॉवर पुरत नाही आणि सारखी रीस्टार्ट होते. सोबत आलेला अॅडॉप्टरच वापरा.

बाबांसाठी प्रसार भारतीचं वेव्हज अॅप आहे, नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवात आलं, दूरदर्शनच्या वाहिन्या लाइव्ह दिसतात. आकाशवाणीसाठी न्यूजऑनएअर फोनवर टाकून द्या.

सातासमुद्रापार:
मी न्यू जर्सीला, सासूबाई कोल्हापूरला, त्यामुळे अनुभवाने सांगते. टीव्हीवर व्हिडिओ कॉलच्या भानगडीत पडू नका दादा, वेगळा कॅमेरा लागतो आणि काही ना काही अडतंच. आम्ही स्क्रीनवाला स्पीकर घेतला आणि देवघराबाहेरच्या कोनाड्यात ठेवला, कॅमेऱ्यावर सरकवायची झाकणी असलेलाच घ्या म्हणजे नको तेव्हा बंद ठेवता येतो. त्यातली बोलणारी अलेक्सा २०१९ पासून हिंदी समजते, मराठीत मात्र आमचं जमलं नाही. सासूबाई पहिले दोन आठवडे बोलायला लाजायच्या, मग मीच रोज ठराविक वेळी कॉल करायला लागले, त्यांचे सकाळचे ७ म्हणजे आमचे आदल्या रात्रीचे साडेनऊ (नोव्हेंबरपासून साडेआठ). आता त्याच लावतात. फोनवरचा गूगल असिस्टंट मात्र २०१८ पासून मराठी ऐकतो, आईंना आधी त्याच्यावर सराव द्या, आणि सगळे नंबर त्या ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने सेव्ह करा, बंड्या तर बंड्याच.

कृष्णाकाठ:
एक कळकळीचं सांगतो. लांबून मदत करायला सोपं म्हणून त्यांच्या फोनवर स्क्रीन शेअरिंगचं अॅप टाकून ठेवू नका, फसवणारे नेमकं तेच वापरायला लावतात. आमच्या काकांचे पैसे असेच गेले. घरात नियमच करा, फोनवर कुणीही अॅप टाका म्हणालं की फोन ठेवायचा आणि मुलाला लावायचा. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा.

घाटवाट:
गणपती करून आलो, सगळ्यांचे मनापासून आभार. वायर माळ्यावरून नेली, २२ मीटर लागली, माजघरात आता नेट फुल्ल येतं. यूपीएस एकच नेला होता आणि फायबरचा डबा खरंच वेगळा निघाला, दुसरा साताऱ्याहून आणला. अर्थिंगची वायर तीनपैकी दोन सॉकेटना नव्हती, ती घालून घेतली, नाहीतर कळलंच नसतं. बाबांना रिमोटची चार बटणं लक्षात राहावीत म्हणून त्यांच्यावर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले (आईची आयडिया). परवा लाईट गेलेली असताना आईने स्वतःहून नातवाला कॉल लावला, मी ऑफिसात होतो, मला नंतर कळलं. फार बरं वाटलं.

आता आई म्हणते पहाटे ५ ला गिझर आपोआप चालू झाला पाहिजे. साधा स्मार्ट प्लग (वायफायवरून वेळ लावता येणारा) चालेल का?

पक्कड_टेस्टर:
गिझरवर किती वॅट लिहिलंय बघा. ३ किलोवॅटचा असेल तर २३० व्होल्टला १३ अँपिअर ओढतो, १० वाला प्लग तापून वितळेल. १६ अँपिअरचाच घ्या, जाड पिनांच्या सॉकेटात लावा, राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जोडा, बहुतेक प्लग तेच पकडतात. आणि बाथरूमचा सॉकेट अर्थिंग नसलेल्या त्या दोनांत होता का तिसरा, ते आधी सांगा.