'रश' आणि निकी लाउडा: खरं किती, पटकथेचं किती?

क्लचप्लेट:
फॉर्म्युला वन ड्रायव्हर निकी लाउडा आणि जेम्स हंट यांच्या 1976 च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीवरचा रॉन हॉवर्डचा 'रश' (2013) हा चित्रपट पुन्हा पाहिला. डॅनिएल ब्रूलनं लाउडा अक्षरशः उभा केलाय. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवरचा लाउडाचा अपघात नेमका कशानं झाला? हंटशी खरंच एवढं वैर होतं का? आणि शेवटचं हंट 69, लाउडा 68 हे गुणांचं गणित कसं बसलं?

ओला_ट्रॅक:
आधी अपघात. 1 ऑगस्ट 1976, नुर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक नॉर्डश्लाइफ, एक फेरी जवळपास 22.8 किलोमीटरची. ट्रॅक ओला होता म्हणून बहुतेक सगळे पावसाळी टायरवर सुटले. योखेन मास या ड्रायव्हरनं मात्र पहिल्यापासून सपाट (म्हणजे खाचा नसलेले, सुक्या ट्रॅकचे) टायर घातले होते आणि तो पुढे निघून गेला. लाउडानं पहिल्या फेरीनंतर पिटमध्ये (संघाच्या थांब्यावर) येऊन तसेच सपाट टायर घातले. दुसऱ्या फेरीत बेर्गवेर्कच्या अलीकडच्या डाव्या वळणावर त्याची फेरारी 312 टी2 अचानक उजवीकडे गेली, बांधावर आदळली, पेटली आणि उलटून पुन्हा ट्रॅकवर आली. मागून आलेला ब्रेट लंगर तिच्यावर धडकला.

चित्रपटात सस्पेन्शनचा आर्म तुटताना जवळून दाखवलाय. मागच्या सस्पेन्शनवर संशय आहेच, पण ते निर्विवाद सिद्ध झालेलं नाही. ओल्या-सुक्या ट्रॅकवरचे थंड सपाट टायर हेही कारण असू शकतं. तो शॉट पाहून 'पार्ट तुटला' असं ठाम धरून चालू नका.

लाउडाचं हेल्मेट निसटलं होतं. त्याला बाहेर काढलं ते इतर ड्रायव्हरांनी: आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, हाराल्ड एर्टल आणि स्वतः लंगर. पट्टे सोडवले मेर्झारिओनं. चेहऱ्याच्या भाजण्यापेक्षा जिवावर बेतलं ते फुप्फुसात गेलेल्या गरम विषारी धुरानं. इस्पितळातले फुप्फुस साफ करण्याचे प्रसंग म्हणूनच इतके अंगावर येतात, आणि ते उगाच ताणलेले नाहीत.

पोल_पोझिशन:
वैराबद्दल: ते पटकथेनं फुगवलंय. दोघं चांगले मित्र होते, सुरुवातीच्या काळात लंडनमध्ये काही दिवस एकाच फ्लॅटमध्ये राहिले होते. हंट पत्रकाराला बदडतो तो प्रसंगही रचलेला. नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीवर बहिष्कार टाकण्याचं ड्रायव्हरांचं मतदान शर्यतीच्या दिवशी दाखवलंय, पण लाउडानं तो प्रस्ताव हंगामात आधीच मांडला होता आणि तो फेटाळला गेला होता. त्याचा मुद्दा साधा होता: एवढ्या लांब ट्रॅकवर प्रत्येक वळणाला मार्शल (सुरक्षा कर्मचारी) आणि अग्निशमनाची गाडी पुरवणं शक्यच नाही. त्याच्या अपघातानं तेच दाखवून दिलं, म्हणून मतदान त्याच दिवशी आणण्याचा मोह पटकथाकाराला का झाला असेल हे कळतं.

आकडेमोड:
आता गुण. तेव्हाची पद्धत पहिल्या सहांना 9-6-4-3-2-1. जपानमधल्या फुजीच्या शेवटच्या शर्यतीआधी लाउडा 68, हंट 65. तिथं लाउडानं गाडी थांबवली, हंट तिसरा आला, त्याला 4 गुण मिळाले, म्हणून 69–68. 'तिसरा यायलाच हवा' असं चित्रपट सांगतो, पण हंट चौथा आला असता तरी 68–68 झालं असतं आणि जास्त विजयांवर (हंट 6, लाउडा 5) किताब त्यालाच मिळाला असता.

आणि मुळात एवढी चुरस झाली ती ब्रँड्स हॅचवरच्या ब्रिटिश शर्यतीमुळे. पहिल्या फेरीतल्या धडकेनंतर शर्यत थांबली, पुन्हा सुरू झाली आणि हंट जिंकला. सप्टेंबर अखेरीस अपिलात तो अपात्र ठरला: त्याचे 9 गेले, लाउडाचे 6 चे 9 झाले. हंटचा तो विजय टिकला असता तर फुजीला जाईपर्यंत हंटचे 74 आणि लाउडाचे 65 असते, म्हणजे लाउडाला जिंकूनही फार तर बरोबरी करता आली असती आणि जास्त विजयांवर किताब तरीही हंटलाच गेला असता.

ओला_ट्रॅक:
फुजीबद्दल एक भर. 24 ऑक्टोबर, मुसळधार पाऊस, धुकं. लाउडाच्या पापण्या भाजल्यामुळे नीट मिटत नव्हत्या. दोन फेऱ्यांनंतर तो थांबला. फेरारीचे माउरो फोर्गिएरी 'इंजिन बिघडलं असं सांगू' म्हणाले, त्यानं ते नाकारलं. फिटिपाल्डी, पाचे आणि लॅरी पर्किन्स यांनीही त्या दिवशी गाडी थांबवली, हे लोक विसरतात.

क्लचप्लेट:
मनापासून आभार. चित्रपटानंतरचा लाउडा समजून घ्यायला कुठला हंगाम पाहू?

आकडेमोड:
1984, डोळे झाकून. 1977 चा किताब झाला, 1979 मध्ये निवृत्ती, 1982 मध्ये मॅक्लारेन संघाकडून पुनरागमन. 1984 ला संघातलाच प्रॉस्ट वेगवान होता, 7 शर्यती जिंकला, लाउडा 5. तरी लाउडा 72, प्रॉस्ट 71.5. मोनॅकोची शर्यत पावसानं अर्ध्यावर थांबली, प्रॉस्टला विजयाचे 4.5 च मिळाले. शेवटची शर्यत, पोर्तुगालमधली एस्तोरिल, मुद्दाम पूर्ण पाहा: लाउडा अकराव्या जागेवरून सुटतो, एकेकाला गाठत वर येतो, आणि त्याच्या पुढे असलेला मॅन्सेल ब्रेकच्या बिघाडानं बाहेर पडल्यावर त्याला हवी असलेली दुसरी जागा मिळते. प्रॉस्ट पुढे जिंकत असतो, पण त्याचा उपयोग होत नाही.